मूळ गाव: थोरबी

थोरबीची पाटी दिसली तशी शांतवननं बसच्या घंटीची दोरी ओढली. एकदा नाही, तीनदा. ड्रायव्हरनं मान वळवून आमच्याकडे असं बघितलं, की जणू आम्ही त्याची बसच मागून घेतोय.

"आक्का, बघ की," शांतवन म्हणाला. "पाटीवर आपलं आडनाव."

"बघितलं. तू आधी सावकाश उतर. हात सांभाळ."

त्याच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत बँडेज होतं. आत नळी बसवलेली. त्या नळीतून त्याचं रक्त मशीनमध्ये जायचं आणि धुऊन परत यायचं. आठवड्यातून दोनदा, दहा-दहा तास. १९७४ सालचा फेब्रुवारी होता. शांतवन सव्वीस वर्षांचा, आणि त्याच्या दोन्ही किडन्या बंद पडून सात महिने झाले होते. माझी किडनी त्याला जुळत नव्हती. आईवडील राहिले नव्हते. छपाईचं काम शिकायला तो इंग्लंडला आला तो माझ्या भरवशावर. त्याच्याआधी चार वर्षं मी तिथं उत्तरेकडच्या एका शहरात नर्स होते. त्याची राहायची परवानगी शुक्रवारी संपत होती, आणि तो दिवस बुधवार होता.

परत पाठवलं तर पुढं काय, हे आम्ही दोघंही बोलत नव्हतो. नगरला तेव्हा असलं मशीन कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मुंबईत आहे असं ऐकलं होतं, पण ते अडल्यानडल्याला चार दिवसांपुरतं. त्याच्यावर माणूस वर्षानुवर्षं जगवत नसत. मी नर्स होते, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मशीनशिवाय दोन आठवडे. फार तर तीन.

वॉर्डातल्या समाजसेविकाबाईंनी एकच वाट दाखवली होती. आजोबा किंवा आजी इंग्लंडात जन्मल्याचा दाखला असेल तर शांतवनला राहता येईल. "तुमचं आडनाव तर चक्क इथलं वाटतं," त्या म्हणाल्या होत्या. त्या वाक्याला धरून आम्ही दोघं दोन बस बदलून इथवर आलो होतो.

आडनावाची गोष्ट अशी. नगर जिल्ह्यात माणूस भेटला की नाव नंतर विचारतात, आधी विचारतात, "गाव कंचं?" आमचे आजोबा योहान, मिशनच्या शाळेत सुतार होते. ते ताठ मानेनं सांगायचे, "थोरबी." कुठं आलं? "विलायतेत." ऐकणारा हसायचाच, कारण आजोबा तव्यासारखे काळे होते. बाजारात त्यांना 'थोरबे' म्हणायचे आणि चिडवायचे, "योहान, येताना बोटीच्या भट्टीत बसून आलास का रं?" आजोबा चिडायचे नाहीत. रंधा मारता मारता ते थोरबीचं वर्णन करायचे. चर्चच्या घड्याळाला एकच काटा, तासाचा. मिनिटांची तिकडं कुणाला घाई नाही. चौकात दगडी कुंड, त्यात सिंहाच्या तोंडातून पाणी पडतं, आणि ते पाणी कधी म्हणजे कधी आटत नाही. नदीवर तीन कमानींचा पूल.

लहानपणी मिस लॅम्बर्ट मडमेनं त्यांना मिशनमध्ये वाढवलं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कुण्या गोऱ्याचं पोरकं पोर असेल, आई आपल्याकडची असेल, असं आमच्या वडिलांनी मनाशी ठरवून टाकलं आणि आमच्या शाळेच्या अर्जावर 'मूळ गाव' या रकान्यात 'थोरबी, इंग्लंड' असं ठसठशीत लिहिलं. त्यापुढं आजोबांना कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. पण आम्हाला विलायतेचं गाव आवडत होतं. असलेलं सोडून नवं कशाला शोधा?

बस निघून गेली. आम्ही वळणावरून पुढं आलो आणि शांतवन थांबला.

"एकच काटा," तो म्हणाला.

चर्चच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला खरोखरच एक काटा होता. शांतवन हसायला लागला. सात महिन्यांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. मग आम्ही जवळजवळ पळतच चौकात गेलो. कुंड होतं. सिंह होता, नाक झिजलेला. त्याच्या तोंडातून पाण्याची धार पडत होती. पलीकडं पूल होता आणि मी कमानी मोजल्या. तीन.

"म्हातारा खोटं बोलत नव्हता, आक्का. आपण उगं हसलो त्याला."

मला रडू आवरेना. भर चौकात मी रडले. जो माणूस इतकं नेमकं सांगतो तो इथं जन्मलेलाच असणार, याबद्दल माझ्या मनात आता तिळभर शंका उरली नव्हती. शांतवननं उजवा हात धारेखाली धरला आणि ओली बोटं ओठांना लावली. त्याला दिवसाला दोन कप पाणी, त्यातच चहा, त्यातच औषधं. धारेकडं तो ज्या नजरेनं बघत होता ती मला बघवेना.

"एक घोट घेऊ?"

"घे. आज घे," मी म्हटलं.

चर्चचे पाळक मिस्टर पेल तरुण होते, दोनच वर्षांपूर्वी या गावात आलेले. माणूस भला. त्यांनी लोखंडी कपाटातून बाप्तिस्म्याची वही काढली, आम्हाला शेगडीजवळ बसवलं आणि १८९० पासून पान पान बोट फिरवत वाचलं. आजोबांचं साल आम्ही ९२-९३ धरत होतो. मिस्टर पेल ९८ पर्यंत गेले. मग उलटे मागं आले. मग त्यांनी वही मिटली.

"योहान, जॉन, दोन्ही पाहिलं. नाही," ते म्हणाले. "आणि खरं सांगू का, थोरबी आडनावाचं माणूस थोरबीत कधीच नव्हतं. गावाचं नाव गावात कुणाला लावत नाहीत. गाव सोडून गेलेल्याला लावतात."

ते मला समजत होतं. साताऱ्यात कोण कुणाला सातारकर म्हणतं?

"मग तसंच असेल," शांतवन म्हणाला. "गाव सोडून गेल्यावर मिळालं असेल. पण जन्म इथलाच ना, साहेब?"

"जन्माची नोंद असती तर मी आत्ता, या क्षणी सही केली असती." मिस्टर पेल खरोखर अवघडले होते. "एक करा. पुलाजवळ मिस क्रॉफ्ट राहतात. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत, पण स्मरण पक्कं. गावातलं जुनं काही असेल तर त्यांना माहीत. मलाही चार वाजता त्यांच्याकडं यायचंच आहे. चर्चमधल्या पोरांच्या रविवारच्या शब्बाथशाळेच्या जुन्या कागदांची पेटी त्यांच्याकडं आहे, ती जिल्ह्याच्या दप्तरखान्यात द्यायची ठरलीय. मी येईन तेव्हा भेटू. काही पुरावा निघाला तर शिफारसपत्र मी देतो."

मिस क्रॉफ्टनी दार उघडलं. छोटी, वाकलेली बाई, अंगात दोन स्वेटर. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. ती शांतवनकडं पाहत राहिली, तिचे ओठ हलले, आणि मग तिनं हात वर करून त्याच्या कानाला बोट लावलं. आमच्या घराण्याचे कान. वरून टोकदार, बाहेर आलेले.

"तू जॉनचा आहेस," ती म्हणाली. "जॉन थोरबीचा."

सापडलं, असंच मला वाटलं.

"नातू," शांतवन म्हणाला. "तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"ओळखत होते? अरे, मी त्याला लिहायला शिकवलं असं म्हण ना!" तिनं आम्हाला ओढतच आत नेलं. खोलीत शेगडी पेटलेली होती. टेबलावर एक लाकडी पेटी तयार ठेवली होती, तिला दोरी बांधून. तिनं गाठ सोडली. "देवाची काय करणी बघ. आज चार वाजता ही पेटी जाणार होती. बसा. चहा?"

"त्याला नको," मी म्हटलं. "आजोबांचं सांगा."

तिनं पेटीतून एक फोटो काढला आणि माझ्या हातात दिला.

सात-आठ वर्षांचा मुलगा. डोकं भादरलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, ढोपरं मांड्यांपेक्षा जाड. कमरेला मिशनची चड्डी. तो एका कडुलिंबाखाली उभा होता आणि त्याच्या छातीशी पाटी धरलेली होती. पाटीवर खडूनं लिहिलं होतं: 'थोरबी. १४.' मागं शाईनं इंग्रजीत होतं: 'दुष्काळातला अनाथ, अहमदनगर जिल्हा, जन्म खर्ड्याजवळ. १९००.'

मी ते दोनदा वाचलं. मग शांतवनकडं दिलं.

मिस क्रॉफ्ट आनंदानं बोलतच होती. तिचा काही दोष नव्हता. १९०० च्या दुष्काळात मिस लॅम्बर्टनी इंग्लंडमधल्या गावागावांना पत्रं धाडली. एकेका गावानं एकेक मूल घ्यायचं. शब्बाथशाळेतल्या पोरांनी दर रविवारी एकेक पेनी टाकायची, त्यात त्या मुलाचं पोट भरायचं, आणि मुलाला त्या गावाचं नाव द्यायचं. थोरबीच्या वाट्याला चौदा नंबरचा मुलगा आला. मिस क्रॉफ्ट तेव्हा चौदा वर्षांची, सगळ्या वर्गात तिचं अक्षर चांगलं, म्हणून पत्रं लिहायचं काम तिच्याकडं.

"मी त्याला सगळं कळवायची. घड्याळ, कुंड, पूल. तो विचारायचा, पाणी उन्हाळ्यातसुद्धा पडतं का? मी लिहायची, हो, कधीच आटत नाही. किती गंमत वाटायची आम्हाला."

शांतवन फोटो गुडघ्यावर ठेवून बसला होता. "आक्का," तो मराठीत म्हणाला, "खर्डा."

"हं."

"म्हणजे संपलं."

खिडकीतून मला तो घड्याळाचा काटा दिसत होता, तीनच्या थोडा पुढं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, शुक्रवार, शुक्रवार. मला त्या आजोबांचा राग आला. गाव नव्हतं तर नाही म्हणायचं. कशाला त्या बाजारात ताठ मानेनं सांगत फिरायचं?

"एक काम करशील?" मिस क्रॉफ्टनी माझा दंड धरला. पेटीतून तिनं तीन पत्रं काढली होती. "वरचं इंग्रजी मिस लॅम्बर्टचं. पण खाली जॉन स्वतःच्या हातानं दोन-तीन ओळी लिहायचा, त्याच्या भाषेत. त्या इथं कुणालाच वाचता येत नव्हत्या. चौऱ्याहत्तर वर्षं झाली. मला मरायच्या आत कळू दे, तो आम्हाला काय म्हणत होता."

पहिल्या पत्रात वर इंग्रजी होतं: 'प्रिय मित्रांनो, शर्ट पोचला. मी आनंदात आहे आणि रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतो.' खाली पाटीवर गिरवल्यासारखी मोठी मोठी बाळबोध अक्षरं होती. मी ती मनात वाचली. मग पुन्हा वाचली.

"काय लिहिलंय?"

"आभार मानलेत," मी म्हटलं.

"तीन ओळी? नुसते आभार?"

"पुन्हा पुन्हा मानलेत."

शांतवननं हात पुढं करून पत्र माझ्या हातातून घेतलं. त्यानं वाचलं. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"आक्का, नीट वाच त्यांना."

"कशाला? म्हातारी बाई आहे."

"नीट वाच. नाहीतर मी वाचतो."

मग मी वाचलं. आधी मराठीत, जसं होतं तसं.

"'ठकी माजी बहिन हाये. ती पलीकडच्या खोलीत हाये. तिला गाव नाही. तिला बी तुमचं गाव द्या. ती थोडं खाते.'"

मी इंग्रजीत सांगितलं. मिस क्रॉफ्टला आधी कळेना. ज्या मुलांना कुठल्या गावानं घेतलेलं नव्हतं ती दुसऱ्या खोलीत असत, हे तिनंच मग हळूहळू आठवून सांगितलं. मिस लॅम्बर्टनी एका पत्रात लिहिलं होतं, की ज्यांना गाव आहे त्यांना दोन वेळा, बाकीच्यांना उरेल तसं. पण बहिणीबद्दल इंग्रजीत एक अक्षर नव्हतं. आठ वर्षांच्या पोराला वाटलं असणार, आपण लिहिलंय म्हणजे पोचलं.

"दुसरं," ती म्हणाली.

दुसऱ्यात वर पुस्तकांबद्दल आभार होते. खाली: 'ठकीला ताप हाये. तुमच्या कुंडात पानी लई हाये असं तुमी लिवलं. ठकीला तिकडं धाडू का? मी आपला भात तिला देतो पन मडम बघते.'

तिसऱ्यात एकच ओळ होती. 'ठकीला आता गाव नको.'

शेगडीतला कोळसा तडकत होता. मग मिस क्रॉफ्ट म्हणाली, "आम्ही घेतलं असतं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "कुणी सांगितलं असतं तर आम्ही घेतलं असतं." ती हे किती वेळा म्हणाली ते मला सांगता येणार नाही. आणि मी, तिच्याहून जास्त, माझ्या भावाकडं बघत होते. आजोबा आम्हाला कधी ठकीबद्दल एक शब्द बोलले नव्हते. सगळ्या जन्मात नाही. ज्या गावानं तिला घेतलं नाही असं त्यांना वाटत असणार, त्याच गावाचं नाव ते ताठ मानेनं सांगत राहिले. दुसरं कुठलं सांगणार होते?

"तुम्ही इथं कशासाठी आलात?" मिस क्रॉफ्टनी अचानक विचारलं. "नुसतं मला भेटायला नाही. तुझ्या हाताला काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. नळी, मशीन, शुक्रवार, दोन आठवडे. दाखला. मी रडले नाही. वॉर्डात रुग्णाची माहिती द्यावी तशी दिली. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"त्र्याण्णव साली मी सात वर्षांची होते," ती म्हणाली. "गिरणीच्या मागं त्या वर्षी सावळ्या भटक्या लोकांचं बिऱ्हाड उतरलं होतं, हे खरं आहे. त्यातल्या बाईला मूल झालं असतं, तर माझी आईच गेली असती तिच्या मदतीला. बाई मेली असती, मिस लॅम्बर्टनी मूल हिंदुस्थानात नेलं असतं, आणि गावाचं नाव दिलं असतं. असल्या पोराची नोंद कोण करतं? कागद घे. मी सांगते तसं लिही. मी सही करते."

"मिस क्रॉफ्ट, हे खोटं आहे," शांतवन म्हणाला.

"मला माहीत आहे. मी जन्मभर शब्बाथशाळा घेतली, मला खोटं ओळखता येतं." ती माझ्याकडं वळली. "लिही, पोरी."

मी लिहिलं. मला लाज वाटली नाही, आणि खोटं कशाला बोलू, आजही वाटत नाही. ती सांगत गेली, मी लिहीत गेले, आणि खाली तिनं शाळेतल्या मुलीसारख्या वळणदार अक्षरात नाव घातलं. घड्याळाचा काटा चाराच्या जवळ आला होता.

"आता हे," ती म्हणाली, आणि फोटो आणि तिन्ही पत्रं माझ्यापुढं सरकवली. "शेगडीत घाल."

"मी घेऊन जाते. लपवून ठेवीन."

"नाही. उद्या सरकारी माणूस येईल. तो बायबलावर हात ठेवून विचारेल, त्या मुलाचे काही कागद तुमच्याकडं होते का, ते कुठं गेले? मला नाही म्हणता आलं पाहिजे. कुठंच नाहीत, असं, आणि तेवढं तरी खरं. एक खोटं मी निभावून नेईन. दोन नाही."

"आक्का, थांब." शांतवन उभा राहिला. "हे जाळू नको."

"शांतवन, खाली बस."

"अगं, त्या पोरीचं नाव जगात एवढ्याच तीन कागदांवर हाये. तिचा फोटो नाही, कबर नाही. आजोबानं सुद्धा कधी तोंडातून काढलं नाही. हे गेलं तर ती झालीच नव्हती असं होईल."

"ठकी मेली. सत्तराहून जास्त वर्षांपूर्वी मेली. तू जिता आहेस."

"आणि त्यानं कोणासाठी लिहिलं होतं हे? काय लिहिलं होतं? ती थोडं खाते, तिला घ्या! तू त्याच्या बहिणीला जाळून मला—"

"हो!" मी ओरडले. "हो, जाळून. आणखी काय जाळायचं असेल तर ते पण आण. मला दुसरी वाट दाखव, शांत्या, मी नाही जाळत. दाखव!"

बाहेर फाटकाची कडी वाजली. मिस्टर पेल वेळेचे पक्के होते.

मी फोटो घातला. मग पत्रं घातली, एकेक. जुना कागद, चटकन पेटला. शेवटचं पत्र शेगडीत वाकलं आणि ती एक ओळ क्षणभर लख्ख दिसली, मग काळी झाली. एखादं तरी पत्र कोटाच्या आत सरकवता आलं असतं. म्हातारीला दिसतही कमी होतं. मी नाही सरकवलं. भीती होती, दुसरं काय. शांतवन तोंड फिरवून भिंतीकडं बघत उभा होता.

मिस्टर पेल आत आले तेव्हा मिस क्रॉफ्ट चहाची किटली भरत होती. "बरं झालं आलात," ती म्हणाली. "या मुलाचा आजा कोण ते मला आठवलं."

बसमध्ये शांतवन पुढच्या बाकावर एकटा जाऊन बसला. शहराचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाला, "तीन होते, आक्का. एक तरी." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

अर्ज आत गेल्यामुळं शुक्रवार टळला. सरकारी माणूस मिस क्रॉफ्टकडं दोनदा गेला. तिनं दोन्ही वेळा तेच सांगितलं आणि कागद कुठंच नाहीत म्हणाली. मे महिन्यात परवानगी आली. दोन वर्षांनी मिस क्रॉफ्ट गेली. तिच्या अंत्यविधीच्या गीतांचा कागद शांतवननं स्वतः खिळे जुळवून छापला. पुढं त्याला कुण्या अपघातात गेलेल्या माणसाची किडनी मिळाली. ती मिळाल्यावर त्यानं पहिली गोष्ट काय केली असेल, तर थोरबीला जाऊन त्या सिंहाच्या तोंडाखाली पोट फुटेस्तोवर पाणी प्यायला. त्या बुधवारापासून एकूण नऊ वर्षं जगला तो. नऊ वर्षं कमी नाहीत. मी त्यांतला एकही दिवस परत द्यायला तयार नाही.

पण त्या नऊ वर्षांत ठकीचं नाव त्यानं माझ्यापुढं पुन्हा काढलं नाही. एकदाच, शेवटच्या आठवड्यात, "मला थोरबीत ठेव," म्हणाला, "आणि तिला बी गाव दे."

१९८३ साली मिस्टर पेलनी त्याला चर्चच्या मागं, पुलाकडच्या बाजूला जागा दिली. दगडावर इंग्रजीत आहे: 'शांतवन थोरबी. या गावचा.' त्याच्याखाली बाळबोध अक्षरांत एक ओळ आहे. गवंड्याला मी ती कागदावर मोठी काढून दिली होती, त्यानं चित्रासारखी उतरवली: 'ठकी. थोडं खायची.'

मी वर्षातून एकदा जाते, आता काठी घेऊन. गावातलं कुणीतरी येतं, दगडाशी वाकतं आणि विचारतं, खालची ही ओळ कुठल्या भाषेत आहे, तिचा अर्थ काय.

मी सांगते, आभार मानलेत.